तुरटी न लावलेलं पानी

गेल्या आठवड्यात पाचव्या दिवशी पानी आलं. उनाळा लागला की आमच्या सोलापुरात असंच असतंय. चौथ्या दिवशी येतो म्हनलेलं पानी पाचव्या दिवशी येतंय, कदी सहाव्या. नळ आदी खोकतो, मग नुसता वारा सोडतो, मग तांबूस गढूळ थुकतो आन् मगच धार धरतो. तवर गल्लीतल्या समद्या बाया घागरी, कळश्या, निळी प्लास्टिकची टिपं घेऊन उभ्या. पलीकडच्या घरात माग खडखडत असतोय, तेलुगू बाया उंबऱ्यावर सुपं घेऊन तंबाखूच्या इड्या वळत असतेत, आन् पत्र्यावर तापलेलं ऊन घरात उतरत असतंय. माझी सत्तरी कवाच उलटली. पन नळ खोकला की पाय अजून पळतेत.

पानी भरून झालं की तुरटी. भिंतीतल्या देवळीतला खडा काढायचा, हात कोपरापत्तोर धुवायचा, आन् टिपात सात येळा खडा फिरवायचा. सातच का, ते आईनं सांगितलं न्हाय, मी बी इचारलं न्हाय. घटकाभरानं गाळ तळाला बसतो आन् वर पानी काचेगत. जिभेला जरासं तुरट लागतंय. आमची जीभ त्येलाच पानी म्हनती. निस्तं गोडं पानी पिलं की पिल्यासारखंच वाटत न्हाय.

त्या दिवशी खडा फिरवताना तिसऱ्या येळंला हात थांबला. दर उनाळ्याला एकदा तरी थांबतोच. मग मी मनाशी म्हनते, ह्ये माझ्या घरचं पानी हाय, ह्यात फिरवली तर चालतंय. आन् राहिलेल्या चार येळा फिरवते.

बारा-तेरा उनाळे झाले असतील त्या गोष्टीला.

माझ्या घरावर पत्र्याची एक खोली हाय. मालक गिरनीत होते. गिरनी बंद पडली, त्येच्या मागं दोन वर्सांनी मालक बी गेले. एक लेकरू झालं होतं, ते आदीच गेलं होतं. मग मी भाकरी करून इकायला लागले. ज्वारीची कडक भाकरी, कागदागत पातळ थापायची, तव्यावर भाजायची आन् मग पाटीवर उनात वाळवायची. महिनाभर टिकती. सोलापूरचं ऊन काय नुसतं मानसं जाळायला न्हाय, भाकरी वाळवायला बी लागतंय. वरची खोली मी भाड्यानं द्यायची. तितं वसुधाम्याडम राहायला आल्या.

नाशिककडच्या होत्या. एकट्याच. चाळिशीच्या. कालेजात रसायन शिकवायच्या. मला रसायन म्हंजे काय ते कळंना, तर म्हनल्या, "मावशी, तुम्ही गरम पाण्यात पीठ घालून उकड काढता ना, तेच. फक्त आम्ही मोजून करतो."

मी म्हनले, "मग मी बी कालेजातच हाय की."

तवापास्नं त्या मला कदी-मदी "प्राध्यापकबाई" म्हनायच्या. भाकरी आवडीनं खायच्या, शेंगाची चटनी मातूर डोळ्यात पानी येईपत्तोर.

त्येंची एक सवय लई वंगाळ होती. काय बी बोला, फुडनं ठरलेलं येनार: "कशावरून?" मी म्हनले, औंदा ऊन जास्त हाय. कशावरून? मी म्हनले, ही ज्वारी जुनी हाय. कशावरून? एकदा मी वैतागून म्हनले, "म्याडम, तुमचं लगीन का झालं न्हाय ते मला कळलं. कोनी मागनी घातली असंल आन् तुमी त्येला कशावरून म्हनला असाल." त्या इतक्या हसल्या की हातातला च्या सांडला. पन सवय काय गेली न्हाय.

एका दिवशी मी पिठाचा डबा बाजूला सारला आन् म्हनले, ह्ये पीठ विरी गेलंय, ह्येची भाकरी व्हनार न्हाय. "कशावरून?" मी चिमूटभर पीठ भिजवलं, गोळी केली, अंगठ्यानं दाबली. कडा टराटरा फाटल्या. म्हनले, "ह्येच्यावरनं." त्या वर गेल्या, वही आनली आन् ते लिहून घेतलं. माझी शाळा चौथीपत्तोर. पन माझं बोलनं कोनी वहीत लिहून घेतल्यालं मी पयल्यांदाच बघत होते.

आता इचार करते तर वाटतंय, समदं मीच सुरू केलं. शिवरात्रीला माहेरी गेले होते. माहेर एस्टीनं तास-दीड तासावर. निम्मं गाव कानडी बोलतंय, निम्मं मराठी, भांडताना दोनी. गावाच्या वरल्या अंगाला ओढ्याकाठी एक कारखाना निघाला होता, तीन-चार वर्सं झाली होती. गावाचं नाव सांगत न्हाय, कारखान्याचं बी न्हाय. माझी मानसं अजून तितंच नांदतेत. परत आल्यावर म्याडमना सहज म्हनले, "माहेरचं पानी बिघडलं बगा. आडाच्या पान्यात डाळ शिजंना. म्हशी हौदाला तोंड लावतेत आन् माघारी फिरतेत."

मी वाट बघत होते, आता "कशावरून" म्हनतील. त्या म्हनल्याच न्हाईत. मग इचारलं, "कुठले-कुठले आड, मावशी? आणि कधीपासून?"

इरन्ना म्हंजे माझा धाकटा भाऊ. त्याच कारखान्याच्या गेटावर वॉचमन होता. म्याडम पयल्यांदा गावात गेल्या तवा त्येनंच च्या पाजला, दोर-पोहरा दिला, उनातानात बरोबर हिंडला. सतरा आड-हिरींचं पानी भरलं. म्याडमनी प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी लावून तीन गोष्टी लिहिल्या: कुठली विहीर, कुठला दिवस, पाणी कुणी काढलं. इरन्ना म्हनला, "म्याडम, मी नोकरदार मानूस. पानी मी शेंदतो, नाव तुमचं घाला."

म्याडम म्हनल्या, "मग पोहरा माझ्याकडे द्या. मी काढते." आन् सतरा येळा त्येंनी सवता शेंदलं. तळव्यांना फोड आलेले मी बघितले.

घरी आलो तर नळ चालूच होता, अठरावी बाटली त्येंनी माझ्या मोरीतल्या नळाखाली धरली. मी इचारलं, "ही कशाला? ह्ये तर आपलंच पानी."

"ताळा करायला," म्हनल्या.

पानी तपासायला पुन्याला पाठवायचं होतं. म्याडमला सवड मिळेपत्तोर चार दिवस गेले, आन् आईतवार आला. तवा परीक्षा चालल्या होत्या, आईतवारी बी त्येंची कालेजात मीटिंग होती. बाटल्या माझ्या घरात, मोरीजवळच्या सावलीला, ओल्या पोत्यावर. त्याच दिवशी नळाला पानी आलं. मी माझी टिपं भरली, तुरटी फिरवली, आन् खडा हातात घेऊन उठले तर म्होरं त्या अठरा बाटल्या. काही गढूळ, काही पिवळट. मनात आलं, बाई एवढ्या उनात हिंडली, हाताला फोड आले, आन् परक्या गावच्या मानसाफुडं असलं गढूळ पानी ठेवायचं? आपल्या दारात पावना आला तर आपन देतो का असं? खाली बसले. एकेका बाटलीचं झाकन काढलं. खडा मोठा होता, तोंडातनं जाईना, तर बत्त्यानं बारका तुकडा फोडला, दोऱ्याला बांधला आन् सात-सात येळा फिरवला. अठरा बाटल्या. कंबर धरली. झाकनं लावली, बाटल्या पुसल्या. दिसायला लागल्या नव्या नवरीगत. सांजच्याला म्याडम आल्या, पेपरांच्या गठ्ठ्यानं थकलेल्या. त्येंनी बघितल्या बी न्हाईत. सकाळी खोक्यात भरून पाठवून दिल्या.

कागद यायला दीड महिना लागला. तेवढ्यात हवा फिरली. कारखान्याच्या मानसांनी कालेजात सांगावा धाडला. मोठ्या साहेबांनी म्याडमना बोलावून म्हनलं, पोरं शिकवा, पेपर तपासा, लोकांच्या आडात कशाला डोकावता. त्येंच्या स्कूटरचं टायर एकदा कोनीतरी कापलं. पंधरा दिवसांनी पुना. एक पेपरवाला बातमीदार मातूर रोज फोन करायचा, कागद आला का, कागद आला का. म्याडम म्हनायच्या, कागद आला की झालं, मावशी. मग मला बोलायचं कारन उरनार न्हाय, कागदच बोलेल.

कागद आला त्या दुपारी मी पाटीवरच्या भाकरी उलटत होते. म्याडम जिन्यावरनं उतरल्या. चेहरा असा की मी हातातली भाकरी खाली ठेवली.

"मावशी, बाटल्या घरात होत्या तेव्हा कुणी उघडल्या होत्या?"

"उघडल्या की. मीच. तुरटी फिरवली."

त्या पायरीवर बसल्या. "सगळ्यांत?"

"समद्यांत. सात-सात येळा. कुनाला कमी-जास्त केलं न्हाय."

त्येंना हसू आलं. मग चष्मा काढून डोळे पुसले. ते हसून आलेलं पानी होतं का दुसरं, मी इचारलं न्हाय. मग त्येंनी सांगितलं. कारखान्याच्या पान्यातला जो एक क्षार त्या शोधत होत्या, तोच तुरटीत बी असतोय. म्हनून समद्या बाटल्या भरून-भरून वंगाळ निघाल्या. माझ्या नळाची बी.

"म्हंजे कागदावर काय आलंय?"

"पाणी वाईट आहे, असं आलंय. मी म्हणत होते त्याच्या कितीतरी पट वाईट."

"मग झालं की! ती नळाची बाटली द्या सोडून. कुनाला कळतंय?"

"मला कळलंय ना."

"तुमच्या-माझ्याशिवाय कुनाला?"

त्येंनी माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाय. "मावशी, विरी गेलेलं पीठ तुम्ही गिऱ्हाइकाला देता का?"

न्हाय देत मी. मालक गेले त्या महिन्यात बी दिलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी त्येंनी कालेजाला आन् त्या पेपरवाल्याला सवताच्या हातानं लिहून दिलं: ह्यो तपास धरू नका, बाटल्या माझ्या ताब्यात असताना चूक झाली, मी पुना पानी घेनार हाय. माझं नाव कुटं घातलं न्हाय. मी म्हनले, "घाला की माझं. खडा मी फिरवला." तर म्हनल्या, "बाटल्या सांभाळणं माझं काम होतं. तुम्ही पाणी स्वच्छ केलंत, मावशी. जगात कुणीही तुम्हाला ह्याच्यासाठी नाव ठेवणार नाही."

त्येंना मातूर ठेवलं. कालेजात त्येंचं नाव 'तुरटीम्याडम' पडलं. वर्गातल्या फळ्यावर कोनीतरी लिहून ठेवलं होतं. त्येंनी पुसलं आन् शिकवायला लागल्या, असं मला मागनं कळलं. मग कालेजाची चिठ्ठी आली की परवानगीबिगर त्या गावात जायचं न्हाय, जाल तर नोकरी ऱ्हानार न्हाय. मी म्हनले, "नोकरी जाईल, म्याडम. कशाला जाताय?"

"एकदा चुकीचं पाणी तपासलं, मावशी. तसंच सोडलं तर लोक म्हणतील, पाणी चांगलंच होतं. तेही खोटंच."

दोन दिवसांनी इरन्ना आला. घाम पुसायच्या आदीच बोलायला लागला. "अक्का, ती बाई पुना गावात आली तर मी जबाबदार न्हाय. पोरं तापलेत. कारखाना बंद पडला तर चाळीस घरांनी काय खायचं? माझी नोकरी हाय तितं."

"आन् पानी?"

"टँकर येतोय की."

"कारखान्याचाच न्हवं?"

त्येला राग आला. "घरात ठिवलीस कशाला हिला? कुटली कोन! काढ भाईर."

"भाडं येळंवर देती, भाकरी खाती, खोटं बोलत न्हाय. तुज्यापरीस बरी हाय."

पानी बी न पिता गेला. तसा वाईट न्हाय माझा भाऊ. त्येची बी चूल त्याच कारखान्यावर. मला दोनी दिसत होतं, पन दोन्हीकडं उभं ऱ्हाता येत न्हाय.

वैशाखात म्याडम निघाल्या तवा मी बी चप्पल घातली. त्या नको म्हनत होत्या. मी म्हनले, माझ्या खड्यानं तुमाला दुसरी खेप पडली, आन् त्या गावातले आड माझ्या पायाला म्हाईत हायत. बुट्टीत भाकरी घेतल्या, वर फडकं झाकलं. म्हंजे सोयऱ्याकडं भाकरी घेऊन गेल्यागत दिसंल.

ते रान मला अजून दिसतंय. ज्वारी निघून गेलेली, नुसती धसकटं. कडब्याच्या गंज्या उनात पिवळ्याधमक. वारा न्हाय. ओढ्याकडनं एक वास यायचा, कपडे रंगवतेत तितं येतो तसला, घशात बसनारा. लहानपनी त्याच ओढ्यात मी आन् इरन्ना खेकडे धरायचो. मी दगड उचलायची, त्यो धरायचा. चावला की मलाच मारायचा.

चार आड झाले. म्याडमनी शेंदलं, पट्टी लावली, नाव लिहिलं. भरलेली बाटली मी बुट्टीत भाकरींच्या खाली ठेवायची. पाचवा आड पाराजवळचा. तितं पोहरा सोडला आन् मोटारसायकलींचा आवाज आला. पंधरा-वीस जन. निम्म्यांना मी कडेवर घेतल्यालं.

"काय म्याडम, ह्या खेपंला तुरटी आनली का इसरलाव?"

समदे हसले. म्याडम बी जरा हसल्या आन् म्हनल्या, "ह्या वेळी नाही आणली. तुम्हीच उभे राहून बघा. कुणीतरी मोजा पण, मला बरंच होईल."

तेवढ्यावर एकानं पिशवी हिसकली. रिकाम्या बाटल्या पायाखाली गेल्या, कडाकडा वाजल्या. दुसऱ्यानं दोर ओढला. म्याडमनी सोडला न्हाय. मग कुटनंतरी दगड आला. मनगटावर. आवाज मी ऐकला, वाळकी काडी मोडती तसा. त्या वरडल्या न्हाईत. खाली बसल्या. दोर सुटला, पोहरा आडात गेला.

घोळक्याच्या मागं खाकी कपड्यात इरन्ना उभा होता. मी हाक मारली, "इरन्ना!" त्येनं खाली बघितलं. पुना मारली. तवा तो म्होरं आला आन् पोरांना म्हनला, "साकु, बिडरी. माझी अक्का हाय ती." बस झालं, सोडा, एवढंच. पन बाईकडं न्हाय बघितलं, माझ्याकडं बी न्हाय.

पोरं बाजूला झाली. एकानं माझी बुट्टी धरली. "ह्यात काय हाय?"

"भाकरी."

"दाव."

मी फडकं काढलं. त्येनं वरची एक उचलली, कडकन मोडली, खाल्ली. "चांगली हाय की गं म्हातारे." आन् गेला. खोटं मी बोलले न्हाय. भाकरी होत्याच.

त्या चार बाटल्या त्याच दिवशी पुन्याला गेल्या. म्याडमचा उजवा हात गळ्यात. तरी पेपर तपासायचे होतेच. पोरांचे निकाल का अडवायचे, म्हनायच्या. त्या वाचायच्या, मी पानं उलटायची, आन् डाव्या हातानं त्या मार्क टाकायच्या, वाकडे-तिकडे. बाहेर ऊन, आत शाईचा वास, मागाची खडखड. एकेका पोराच्या पेपरावर त्या लई येळ थांबायच्या. इचारलं तर म्हनल्या, "उत्तर चुकलंय, पण कुठं चुकलं ते त्यानंच शेवटी लिहिलंय. ह्याला मार्क द्यायचे की नाही?" दिले त्येंनी.

पुन्याचा कागद आला. पानी वंगाळच होतं. पन पयल्या कागदाइतकं न्हाय, बरंच कमी. म्याडमनी दोनी कागद शेजारी ठेवून मला दावलं. म्हनल्या, हे खरं. मला जरा वाईटच वाटलं. हात मोडून आनलेलं पानी आनखी थोडं वंगाळ निघालं असतं तर बरं झालं असतं, असं माझ्या मनात आलं. त्येंच्या आलं न्हाय.

मग चौकशी लागली. परवानगीबिगर गेल्याची आन् कालेजाचं नाव खराब केल्याची. मला बी बोलावनं आलं. जायच्या सकाळी मी म्हनले, "म्याडम, मी सांगते, मी कुटल्याच बाटलीला हात लावला न्हाय. त्येंना काय कळनार? पयल्या का दुसऱ्या, भांडनच मिटलं."

त्या खिडकीत उभ्या होत्या. "काय सांगायचं ते मी तुम्हाला सांगणार नाही, मावशी. मी सांगितलं तर ती माझीच साक्ष होईल."

मोठं दालन. कूलर लावलेला, वाळ्याचा वास. टेबलामागं तिघं साहेब. म्याडम एका बाजूला खुर्चीवर, प्लास्टर मांडीवर ठेवून. माझ्या आयुष्यात मी पयल्यांदा कालेजात गेले ती अशी.

"बाटल्यांत तुरटी तुम्ही घातली?"

"व्हय. पयल्या खेपंला. अठराच्या अठरा."

"दुसऱ्या वेळी बाटल्या कुणाकडे होत्या?"

"माझ्याकडं. भाकरीखाली."

तिघं हसले. मधला साहेब फुडं वाकला. "म्हणजे त्याही तुमच्याच हातात होत्या. मग त्यात घातली नाही कशावरून?"

कशावरून. तोच शब्द. पन म्याडम इचारायच्या तवा त्येंच्या हातात वही असायची. ह्येच्या हातातल्या पेनाला टोपन लावलेलं होतं. ह्येला ऐकायचं नव्हतं.

तरी मी सांगितलं. म्हनले, "सायेब, पयल्या येळची चूक तुमी कुनीच धरली नव्हती. त्यो कागद म्याडमला तारनारा होता. ते चुकलं म्हनून आमीच सांगितलं. आता दुसऱ्या येळचं इचारता, तर आड कुटं पळून गेलेला न्हाय. आत्ता चला. पोहरा आत पडलाय, त्यो गळ टाकून काढते आन् तुमच्या म्होरं पानी शेंदून देते. बाटली तुमी धरा."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "ठीक आहे, या तुम्ही."

कोनी आलं न्हाय. कागदावर लिहिलं की अडानी बाईनं बाटल्या हाताळल्या, म्हनून दोनी तपास बाद. म्याडमची नोकरी गेली. मी त्येंना म्हनले, मी खोटं बोलले असते तर राहिली असती का? त्या म्हनल्या, "माहीत नाही, मावशी. तपासून बघता आलं नाही." आन् हसल्या. मग पुस्तकांची खोकी बांधायला लागल्या. एका हातानं गाठ बसंना, ती मी मारून दिली.

आता त्या दुसऱ्या शहरात असतेत. गावोगावचं पानीच तपासतेत, कोनच्या कालेजात न्हाय, आपलं आपनच. मनगट पुरतं वळत न्हाय. संक्रांतीला फोन करतेत आन् इचारतेत, काय म्हनतेत प्राध्यापकबाई?

गेल्या आठवड्यात ती तुरटी फिरवून झाली आन् दुपारी दारात इरन्ना उभा. म्हातारा झालाय. वॉचमनकी सुटली, आता त्येचा पोरगा त्याच कारखान्यात मशिनीवर हाय. बसला, पानी पिला. मग खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळलेली बाटली काढून म्होरं ठेवली.

"माझ्या परसातल्या आडाचं हाय. सून सारखी आजारी. डाक्टर म्हनतो पानी बदल. तुजी ती बाई अजून बघती का पानी?"

मी फोन केला. म्याडम म्हनल्या, पुढच्याच आठवड्यात सोलापूरवरनं जायचंय, स्वतः येऊन घेते.

मी चिकटपट्टी काढली, पेन काढलं. आडाचं नाव लिहिलं. वार-तारीख लिहिली. मग थांबले.

"आता काय राह्यलं?" त्येनं इचारलं.

"पानी कोनी काढलं ते."

त्यो भाईर बघायला लागला. माग खडखडत होता. "तुजं घाल की अक्का."

"मी कुटं काढलंय?"

"पोराची नोकरी हाय तितं."

"म्हाईत हाय मला. नगं तर नगं. पन मग ह्ये पानी तुज्या शेवग्याला घाल. नाव असलेल्या बाटलीचं बी काय झालं ते मी बघितलंय. बिननावाच्या बाटलीला कोन धरतंय?"

मी च्या टाकला. त्येनं बशीत वतून पिला, बशी पालथी घातली. मग म्हनला, "लिही."

चौथीच्या अक्षरात मी लिहिलं. इरन्ना. फुडं बापाचं नाव, आडनाव. त्येनं बाटली उचलून डोळ्याजवळ नेली, एकेक अक्षर बोटानं बघितलं. मग देवळीत उंच ठेवली. तितंच बाजूला तुरटीचा खडा होता.

"हात लावू नको हं तिला," म्हनला.

"न्हाय लावत."

"कशावरनं?"

मी उठले. देवळीतला खडा काढला आन् उंबऱ्यावर इड्या वळत बसलेल्या शेजारच्या पद्माला हाक मारून तिच्या सुपात टाकला. म्हनले, ठेव तुज्याकडं, आठ दिवसांनी दे.

आज पुना पानी आलंय. तांबूस, गढूळ. टिप भरून ठेवलंय, गाळ आपला हळूहळू बसतोय. म्याडम उद्या सकाळच्या गाडीनं येनार. तवर ह्येच पिते. काय होत न्हाय.